शोभेची झाडं आणि दूषित माती-पाणी: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, तिलक नगर. मराठी घरांमध्ये बागेचा विषय निघाला की आजकाल कोणीतरी विचारतंच: "झेंडू लावला की माती शुद्ध होते म्हणतात, खरं का?" उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पुष्कळ अंशी खरं आहे, काही बाबतींत अजिबात नाही, आणि एक-दोन ठिकाणी चुकीचं केलं तर उलट त्रास होतो. म्हणून लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत.

झाडं प्रदूषण "खातात" म्हणजे नेमकं काय करतात?

आधी प्रदूषणाचे दोन प्रकार वेगळे करा. सांडपाणी, सांडलेलं डिझेल, साबण, काही रंग हे सेंद्रिय पदार्थ आहेत. ते तुटू शकतात. झाडाच्या मुळांतून साखर, आम्लं असे पदार्थ मातीत झिरपतात, त्यावर जिवाणू पोसले जातात आणि ते जिवाणू ही घाण फोडतात. इथे झाड यजमान असतं, काम बरंचसं जिवाणूंचं.

शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे धातू आहेत. ते तुटत नाहीत, नाहीसे होत नाहीत, फक्त जागा बदलतात. झाड त्यांना मुळांतून वर पानांत ओढतं किंवा मुळांशीच धरून ठेवतं. ओढलेला धातू आपण झाड कापून बाहेर नेला तरच मातीतून गेला. झाड तिथेच वाळलं, पानं गळून कुजली, तर धातू परत मातीत, आणि तोही वरच्या थरात. या विषयातले निम्मे गैरसमज एवढी एक गोष्ट लक्षात न घेतल्याने होतात.

मग शोभेचीच झाडं कशाला? मोहरीही धातू ओढते ना?

ओढते, आणि चांगली ओढते. पण आपल्याकडे मोहरी दिसली की कोणीतरी पाला भाजीला खुडणार, नाहीतर गाय तोंड घालणार. धातू ओढणाऱ्या झाडाची पहिली अट हीच की ते कोणाच्या पोटात जाऊ नये. कर्दळ, झेंडू, गुलबक्षी, कण्हेर यांची भाजी कोणी करत नाही. शिवाय रोपं कोणत्याही नर्सरीत मिळतात, लोक ती हौसेने जपतात, आणि कुंपण घालून "इथे येऊ नका" म्हणण्यापेक्षा फुललेली जागा शेजाऱ्यांना पटते. दूषित जमिनीचं काम वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे शेजाऱ्यांना पटणं ही गोष्ट छोटी नाही.

कोणती झाडं खरंच कामाची?

सगळ्यात वर मी कर्दळ ठेवेन. ओल्या, दलदलीच्या, सांडपाण्याच्या जागेत तिच्याइतकं भरवशाचं शोभेचं झाड दुसरं नाही. एक कंद उपटून बघा: पांढरी जाड मुळं, त्यांना बारीक तंतूंचं दाट जाळं, आणि काळ्या सडक्या चिखलातही काही मुळांवर गंजासारखा तांबूस थर. तो गंजच असतो. कर्दळीच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो, थोडा बाहेर झिरपतो आणि चिखलातलं लोह मुळावरच गंजतं. हा थर पाण्यातले काही धातूही पकडून ठेवतो, आणि त्या प्राणवायूवर घाण फोडणारे जिवाणू जगतात.

झेंडू, विशेषतः ठेंगणा मखमली झेंडू, कॅडमियम सहन करतो आणि पानांपर्यंत ओढतोही. चाचण्या बहुतेक कुंड्यांमधल्या आहेत, उघड्या जमिनीवर आकडे खाली येतात, तरीही झेंडू यादीत हवाच. त्याच्या मुळांतल्या द्रव्याने मातीतले सूत्रकृमी (मुळांना त्रास देणारे अतिसूक्ष्म कृमी) मरतात, तो फायदा वेगळा.

गुलबक्षी आणि तेरडा यांची नोंद तेलाने खराब झालेल्या मातीसाठी घ्या. गॅरेजच्या मागे, जनरेटरच्या चौथऱ्याशेजारी, जिथे डिझेल मुरलंय तिथे ही दोन्ही तग धरतात आणि त्यांच्या मुळांपाशी तेल फोडणारे जिवाणू वाढतात. गुलबक्षीला तर लाड करावेच लागत नाहीत.

कण्हेर आणि बोगनवेल रस्त्याच्या दुभाजकावर असतात ते उगीच नाही. धूळ, धूर, पाण्याची ओढ सगळं सोसतात आणि धूळ पानांवर धरतात. मात्र कण्हेर विषारी आहे. लहान मुलं किंवा गुरं असतील तिथे नको.

आर्सेनिकसाठी एक नेचा जगप्रसिद्ध आहे, तो जुन्या चुन्याच्या ओल्या भिंतींच्या फटींत आपोआप उगवतो आणि कुंडीतही शोभून दिसतो. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की त्याच्या पानांत वाळलेल्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त आर्सेनिक साठू शकतं. आपल्या माळव्यात आर्सेनिकची अडचण बंगालसारखी नाही, म्हणून इथेच थांबतो.

किती वर्षं लागतात?

हा प्रश्न कोणी विचारला की मी हिशेब मांडून दाखवतो. एक चौरस मीटर वाफा घ्या, वरची २० सेंटीमीटर माती. तिचं वजन साधारण २६० किलो. समजा मातीत किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि ते १ वर आणायचं आहे. म्हणजे ५२० मिलिग्रॅम कॅडमियम बाहेर काढायचं.

आता त्या वाफ्यात झेंडूचं एक पीक वाळवून एक किलो भरलं आणि त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम आलं असं धरू. एका पिकात २० मिलिग्रॅम गेलं. म्हणजे २६ पिकं. वर्षाला दोन घेतली तर १३ वर्षं, आणि तेही ओढण्याचा वेग शेवटपर्यंत तसाच राहिला तर. तो राहत नाही, कारण सहज सुटणारा धातू आधी निघून जातो.

शिशाचा हिशेब याहून कठीण. शिसं मातीला घट्ट चिकटतं आणि मुळातून वर चढायला तयार नसतं. किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसं ४०० वर आणायचं, पिकात किलोमागे १०० मिलिग्रॅम आलं, तर २६० पिकं. म्हणून शिशाच्या बाबतीत मी "ओढून काढू" असं कोणालाच सांगत नाही. तिथे काम वेगळं: दाट हिरवळ, दूर्वा, झुडपं लावून माती उघडी पडू द्यायची नाही, धूळ उडू द्यायची नाही, पावसात वाहू द्यायची नाही. मुलांच्या अंगात शिसं जातं ते मुख्यतः धुळीतून आणि हाताला लागलेल्या मातीतून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. ती धूळ बसवली तरी मोठं काम झालं.

कोणी शिसं सुटं करण्यासाठी मातीत रसायन घालायला सांगेल. घरच्या बागेत ते करू नका. सुटं झालेलं शिसं झाडात जाण्याऐवजी खाली बोअरच्या पाण्याकडे निघतं.

तेल आणि सांडपाणी यांचं मात्र वर्षांवर जात नाही. जमीन भुसभुशीत, ओलावा बरा आणि थोडं शेणखत असेल तर तेलाच्या मातीत एका-दोन हंगामांत फरक कळतो. सांडपाण्याच्या वाफ्यात तर काही महिन्यांत.

आमची काळी माती आहे. तिच्यात हे चालतं का?

माळव्याची काळी माती बसाल्ट खडकाची, चिकण आणि थोडी अल्कधर्मी. अशी माती धातू घट्ट धरून ठेवते. यात बरं-वाईट दोन्ही आहे. धातू भूजलात लवकर उतरत नाहीत, पण झाडालाही लवकर सापडत नाहीत. त्यामुळे आम्लधर्मी मातीतल्या परदेशी चाचण्यांचे आकडे इंदूरला लावू नका, इथे निम्मंही मिळेल याची खात्री नाही.

आणखी एक गोष्ट. बसाल्टच्या मातीत तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच थोडं जास्त असतं. अहवालात आकडा मोठा दिसला म्हणून घाबरून कोणत्या कारखान्याला दोष देण्याआधी जवळच्या स्वच्छ शेतातल्या मातीचा नमुना सोबत तपासून घ्या. फरक किती हे महत्त्वाचं.

माती कुठे आणि कशी तपासायची? सॉइल हेल्थ कार्ड चालेल?

नाही चालणार. २०१५ पासून मिळणाऱ्या सॉइल हेल्थ कार्डवर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब अशा १२ गोष्टी असतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाही. पर्यावरणाच्या चाचण्या करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत "जड धातू" असं स्पष्ट सांगून चाचणी मागा. मान्यतेचं प्रमाणपत्र बघायला मागायला संकोच करू नका.

नमुना एका खड्ड्यातून घेऊ नका. वाफ्यात पाच-सहा जागी २० सेंटीमीटरपर्यंत खणून माती एकत्र मिसळा आणि त्यातली अर्धा किलो द्या. लोखंडी गंजका खुरपा नको, स्टीलचा किंवा प्लास्टिकचा चमचा वापरा.

ज्या जागेवर पूर्वी बॅटरीचं काम, छापखाना, रंगकाम, भंगार किंवा मुलामा देण्याचं काम होतं तिथे तपासणी आधी, बाग नंतर. जुन्या घराच्या भिंतीलगतची पट्टीही तपासा. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे खरवडलेले पापुद्रे भिंतीखालच्या मातीतच पडलेले असतात. मोठ्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत शिशाच्या पेट्रोलचा अंशही असू शकतो, ते पेट्रोल देशभर बंद झालं २००० साली.

आजी विचारतात, त्या वाफ्यातला झेंडू देवाला वाहिला तर चालेल का? दसऱ्याला तोरण करता येईल?

फुलांत धातू मुळं-पानांपेक्षा सहसा कमी असतो आणि तोरण हाताळून कोणाला काही होत नाही. अडचण पुढची आहे. निर्माल्य कुठे जातं? खताच्या खड्ड्यात, आणि ते खत मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात. म्हणजे एका कोपऱ्यातून काढलेलं कॅडमियम आपणच उचलून दुसऱ्या कोपऱ्यात, ताटाच्या जवळ आणून ठेवलं. म्हणून आजींना सांगा, देवाचा झेंडू वेगळ्या कुंडीत लावूया, त्या वाफ्यातला नको.

तुळस, गवती चहा, कढीपत्ता, पुदिना, गुलकंदाचा गुलाब, चहात घालायची जास्वंद, यांतलं काहीही दूषित जागी लावायचं नाही. तीर्थातलं तुळशीचं पान पोटात जातं. यावर मला तडजोड मान्य नाही.

उपटलेली झाडं ओल्या कचऱ्यात टाकली तर?

कृपा करून टाकू नका. इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची होती, आणि गॅसबरोबर तिथून खतही निघतं, जे शेतात जातं. कचरा सहा प्रकारांत वेगळा करायची सवय या शहराला मेहनतीने लागली आहे. त्या हिरव्या डब्यात धातूने भरलेला पाला घातला तर घरोघरच्या त्या मेहनतीवर पाणी पडतं.

धातूच्या वाफ्यातली झाडं मुळासकट उपटा, मुळांची माती तिथेच झटका, आणि ताडपत्रीवर वाळवा. वजन पुष्कळ कमी होतं. मग जाड पिशवीत बांधून वर चिठ्ठी लावा आणि झोनच्या कार्यालयात आधी विचारून घरगुती घातक कचऱ्यात द्या. अंगणात जाळू नका, कॅडमियम धुरातून उडून नाकात जातं. गाडीवरच्या सफाईमित्राला आत काय आहे हे तोंडानेही सांगा, चिठ्ठी सगळेच वाचतात असं नाही.

तेलाच्या किंवा साध्या सांडपाण्याच्या वाफ्यातला कर्दळीचा पाला मात्र, धातूचा संशय नसेल तर, शोभेच्या झाडांना आच्छादन म्हणून घातला तरी चालतो.

कान्ह आणि सरस्वतीसारख्या नाल्यांचं पाणी झाडांनी शुद्ध होईल?

मदत होते, पण झाडं मलशुद्धीकरण केंद्राची जागा घेत नाहीत. इंदूरला ऑगस्ट २०२१ मध्ये देशातलं पहिलं "वॉटर प्लस" शहर म्हणून जाहीर केलं ते नाल्यांत उतरणाऱ्या सांडपाण्याच्या वाहिन्या पकडून केंद्रांकडे वळवल्यामुळे. तरीही कृष्णपुरा छत्र्यांपाशी उभं राहून कान्ह बघणाऱ्याला कळतं की काम संपलेलं नाही. आणि हे पाणी आपल्यापाशी थांबत नाही, पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळतं.

जिथे झाडं खरोखर उपयोगी पडतात ते म्हणजे खडीचे वाफे. पाणी खडीच्या आतून सावकाश वाहतं, वर कर्दळ, बोरू, पाणकणीस, छत्रीगवत अशी झाडं. नागपूरच्या नीरी या संस्थेने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, याच तत्त्वावर "फायटोरिड" पद्धत विकसित केली, ती देशात बऱ्याच ठिकाणी बसवली गेली. आपल्या शेजारी उज्जैनच्या रवींद्रनगरात विक्रम विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच बोरूचा असा वाफा वस्तीच्या सांडपाण्यावर चालवून दाखवला होता. माळव्याच्या उन्हाळ्यात, माळव्याच्या पाण्यावर. त्यामुळे "आपल्या हवेत हे होणार नाही" हा आक्षेप टिकत नाही.

घरच्या मोरीच्या पाण्यासाठी कर्दळीचा वाफा कसा करायचा?

चार माणसांचं घर, आंघोळ आणि भांड्यांचं मिळून रोज सुमारे २५० लिटर पाणी. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, अर्धा मीटर पाण्याची खोली असा वाफा घ्या. म्हणजे दीड घनमीटर. गिट्टीच्या फटींत त्यातली ४० टक्के जागा मोकळी असते, म्हणजे ६०० लिटर. पाणी आत दोन दिवसांहून थोडं जास्त रेंगाळतं. मोरीच्या पाण्याला एवढं पुरतं. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही.

तळाला जाड ताडपत्री किंवा सिमेंट, नाहीतर पाणी घराच्या पायात मुरेल. पाणी येतं आणि जातं त्या दोन टोकांना मोठे दगड, मध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान, धुतलेली गिट्टी. धुतली नाही तर चुरा खाली बसून वाफा वर्षात तुंबतो. पाणी आत येण्याआधी तेल अडवायला एक लहान हौद हवाच, आणि त्यावरची साय आठवड्याला काढायला हवी. वाफे बंद पडतात ते बहुतेक इथेच, झाडांमुळे नाही.

पाण्याची पातळी गिट्टीच्या माथ्याखाली पाच-सात सेंटीमीटर ठेवा. बाहेर पडणाऱ्या पाइपाचं कोपर वर-खाली फिरवून ती जमवता येते. वर पाणी दिसत नाही तर डास अंडी घालू शकत नाहीत. डेंग्यूच्या भीतीने शेजारी आडकाठी करतील, त्यांना हात घालून कोरडी गिट्टी दाखवा.

चौरस मीटरला चार ते सहा कंद पुरे. फुलून गेलेला दांडा बुंध्यापासून कापत राहा, नवे धुमारे येतात. बाहेर येणारं पाणी बागेला, भाजीला नको.

तलावात जलपर्णी सोडली तर पाणी लवकर साफ होईल असं वाचलं.

जलपर्णी धातू आणि खतांचे अंश झपाट्याने ओढते हे खरं. ती दक्षिण अमेरिकेतून इथे आणली तीही शोभेच्या फुलासाठीच, आणि त्याचा त्रास देशभरातले तलाव भोगताहेत. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, तिथे पक्षी येतात. एक मुठभर जलपर्णी पुरात वाहून अशा पाण्यात गेली तर काढता काढता वर्षं जातील. तिचं रोप पिशवीतूनही आणू नका.

घरातली हवा मनी प्लांट, स्नेक प्लांटने शुद्ध होते का?

१९८९ मध्ये नासाने केलेल्या अभ्यासावरून ही समजूत पसरली. तो लहान बंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने सगळे प्रयोग तपासून सांगितलं की इमारतीत सहज होणाऱ्या हवेच्या येण्या-जाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. कुंड्या जरूर ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं. हवेसाठी खिडकी उघडा.

चेर्नोबिलला सूर्यफुलं लावली होती ना?

हो, १९९० च्या दशकात. तिथे एका तळ्यावर तराफ्यांवर सूर्यफुलं वाढवून मुळांनी पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम पकडलं. २०११ नंतर फुकुशिमात तीच सूर्यफुलं शेतात लावली, आणि मातीतून जवळजवळ काहीच निघालं नाही. पाण्यातलं मुळाला सहज मिळतं, मातीच्या कणांनी धरलेलं मिळत नाही. वर काळ्या मातीबद्दल लिहिलं ते याच कारणाने.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा कचरा पीथमपूरला आणून जाळला. तिथे झाडं का नाही लावली?

तो ३३७ टन कचरा गोळा करून ठेवलेला, दाट विषारी होता. अशात झाड उगवतच नाही. झाडांचा उपयोग पातळ, पसरलेल्या, मुळं पोचतील एवढ्या उथळ प्रदूषणाला.

नाल्याच्या पाण्यावर पालक-मेथी करणाऱ्या शेतकऱ्याला काय सांगाल?

पालेभाजी धातू पानांत साठवते आणि ती पानंच आपण खातो. त्यांना दोष देऊन काही होत नाही, त्यांना रोज पैसे देणारं पीक हवं. झेंडू, शेवंती, निशिगंध, ग्लॅडिओलस ही पिकं त्याच पाण्यावर येतात, आणि इंदूर-उज्जैनच्या मंदिरांमुळे फुलांना बारा महिने गिऱ्हाईक आहे. कोंबडीखाद्याच्या रंगासाठी झेंडूच्या पाकळ्या घेणारे व्यापारी येतात, त्यांना मात्र हा झेंडू विकू नये, तो पुन्हा अंड्यातून ताटात येईल. गुलकंदवाल्यालाही गुलाब नाही. देवळाच्या निर्माल्याचं खत होतं तिथे वर आजींना सांगितलं तेच लागू, म्हणून आधी फुलं तपासून घ्यावीत. अहवाल बरा आला तर बाजार मोकळा आहे. भाजीपेक्षा धोका तरीही कितीतरी कमी.

सुरुवात कधी करावी?

मातीचा नमुना मे महिन्यात, जमीन कोरडी असताना. अहवाल हातात येईपर्यंत जून उजाडतो, तेव्हा कर्दळीचे कंद फोडून लावायचे. झेंडूची रोपं जुलैत, म्हणजे दसऱ्याला फुलतात. गुलबक्षीचं काळं बी पहिल्या पावसानंतर सरळ मातीत टोचा. पहिलं पीक काढल्यावर त्याच पाच-सहा जागांची माती घेऊन पुन्हा त्याच प्रयोगशाळेत द्या, पिशवीवर तारीख आणि वाफ्याचं नाव लिहून.